हलके रोलर, भारी रोलर

आमच्या घरात हलकं काही येत नसे. ऐपत होती अशातला भाग नाही. पणजोबा बडोदा संस्थानच्या काळात कुठल्याशा खात्यात साध्या कारकुनापेक्षा दोन पायऱ्या वर होते, आणि त्या दोन पायऱ्या उतरायला आमचं घराणं पुढच्या तीन पिढ्या तयार नव्हतं. संस्थान गेलं, मुंबई राज्य झालं, मग गुजरात झालं, आमची माणसं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलू लागली. बाजारात गेल्यावर बाबांचं पहिलं वाक्य मात्र तेच राहिलं, "हलकं दाखवू नका, भारीतलं काय आहे ते काढा." हे ते खराटा घेतानासुद्धा म्हणायचे. दुकानदार आत जाऊन तोच खराटा झटकून बाहेर आणायचा, बाबा तो हातात तोलून "हां, हा बघा" म्हणायचे आणि विजयी मुद्रेनं घरी यायचे. आई काही बोलत नसे. तिनं लग्नानंतर पहिल्या महिन्यातच मूग गिळले होते.

या भारीपणापायीच बाबांचा हात मोडला. माळ्यावर चांगलं वजनदार पितळी घंगाळ चढवताना ते स्टुलावरून घंगाळासकट खाली आले. घंगाळाला साधा पोचाही पडला नाही, बाबांचं डावं मनगट तेवढं मोडलं. हाड जुळलं, पण मनगट फिरेनासं झालं. मूठ आवळता यायची, कप धरता यायचा, पण दाराची मूठ पिळावी तसा हात वळत नसे. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं त्यानं काय अडावं असं कुणालाही वाटेल. पण त्या वेळच्या स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत असायचा. क्लच आवळायचा आणि मूठ पिळायची. बाबा क्लच आवळायचे आणि तिथंच थांबायचे. अठरा वर्षं चालवलेली स्कूटर शेवटी विकावी लागली.

मग वर्षभर बाबा समोरच्या काकांच्या गिअरच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत गेले. आम्ही बडोद्याच्या वाडी भागात राहायचो, समोरच्या घरात हे गुजराती काका, आणि शाळेच्या फाटकाला लागूनच त्यांचं वह्या-पेनांचं दुकान. त्यामुळे रस्ता एकच. काका मनानं फार चांगले, पण त्यांना पोटाचा त्रास होता आणि तो त्रास ते मोकळेपणानं सांगायचे. वाडीपासून शाळेपर्यंत रोज वीस मिनिटं काकांचं पोट. काल इसबगोल घेतलं, परवा एरंडेल घेतलं, आज सकाळी काय झालं. बाबा पहिल्या तासाला वर्गात शिरायचे तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मुलं म्हणे चिडीचूप बसायची.

"त्यांच्या मागे बसणं म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसण्यासारखं आहे," बाबा म्हणायचे.

"असू दे. घरी धड येता ना," आई म्हणायची.

आईला हीच व्यवस्था पसंत होती. बाबा स्वतः गाडी चालवत तेव्हा त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि दुकानांच्या पाट्यांवर जास्त असे. पाटी मराठी असो की गुजराती, तिच्यातलं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बाबा गाडी बाजूला घेऊन दुकानदाराला समजावून यायचे. कधीकधी गाडी बाजूला घ्यायचं विसरायचे.

अशात बडोद्यात गिअर नसलेल्या स्कूटरी दिसू लागल्या. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या हाताला नुसता ब्रेक. मूठ आवळायची, पिळायची गरज नाही. ही गाडी आपल्याच मनगटासाठी काढली आहे असं बाबांना वाटलं. त्यांनी आईला न विचारता नंबर लावला आणि एके दिवशी पांढरीशुभ्र स्कूटर दारात उभी केली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस त्या दिवशी शाळेतून येताना उगाचच मांडवीच्या दरवाजाला दोन फेऱ्या मारून आला. वर्षभरात मी त्यांना इतकं खूष पाहिलं नव्हतं.

काका ओट्यावर बसून सगळं पाहत होते. त्यांचा रोजचा श्रोता गेला होता. ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "साहेब, गाडी सरस छे. पण आ तो बैरांनी गाडी."

बायकांची गाडी म्हटल्यावर बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गिअर बदलताना माणूस वेळ घालवतो, ही गाडी तो वेळ वाचवते, त्यामुळे ही तुमच्या गाडीपेक्षा आधी पुढे जाईल, असं त्यांनी ओट्यावर उभं राहून गुजरातीत भाषण केलं. काका हसले. शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. नदीपलीकडे अकोट्याला नवे प्लॉट पडले होते, तिथल्या रिकाम्या सरळ रस्त्यावर चारशे मीटर, उभ्या जागेवरून. बाबा जिंकले तर काकांनी बाबांच्या मागे बसून दुकानात जायचं. काका जिंकले तर बाबांनी परत काकांच्या मागे. किती दिवस? काका म्हणाले, "तमे रिटायर थाओ त्यां सुधी." म्हणजे बाबा निवृत्त होईपर्यंत.

आई दारातून हे ऐकत होती. बाबांनी घाईत "मंजूर" म्हटलं तशी ती म्हणाली, "शब्द दिलाय हं तुम्ही. मागाहून फिरवायचा नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "हरले तर ती गाडी पोरीला. हिला तरी कुठं बस मिळते!"

हे माझ्या मनात खोल जाऊन बसलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगची परीक्षा नुकतीच पास झाले होते, मेकॅनिकलची, वर्गात एकटी मुलगी, आणि पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागणार होते. पाळी आठला. वाडीतून दोन बस बदलून मी साडेआठला पोचणार हे मी आधीच एकदा जाऊन बघून आले होते. दुसऱ्या बसमध्ये दूधवाल्यांच्या बरण्या असायच्या आणि त्या बरण्यांना माझ्याआधी जागा मिळायची.

पण त्या संध्याकाळी मी बाबांच्याच बाजूनं होते, हे प्रामाणिकपणे सांगते. कॉलेजात आमचे एक प्राध्यापक अमेरिकेतल्या पाव मैलाच्या शर्यतींविषयी फार रंगून सांगायचे. उभ्या जागेवरून सुटायचं, सरळ जायचं, वळण नाही, काही नाही, आणि जिंकणं-हरणं सगळं गिअरच्या हिशेबावर. मला ते सगळं पाठ होतं. नोकरीला लागायच्या आधीच माझ्याकडे पहिलं काम आलं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही सराव केला. बाबांनी शाळेतली लांब टेप आणि खेळाच्या तासाचं स्टॉपवॉच आणलं. रस्ता मोजून दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. काका उदार मनाचे, त्यांनीही आपली वेळ मोजून घेऊ दिली. काकांना साडेचोवीस सेकंद लागले, बाबांना पंचवीस. अर्धा सेकंद. बाबांनी घरी येऊन अर्धा सेकंद म्हणजे किती ते चुटकी वाजवून चार वेळा पाहिलं आणि माझ्याकडे आशेनं बघितलं.

मी वही काढली. गिअर नसलेल्या गाडीत गिअर नसतो असं नाही, तो फक्त दिसत नाही. इंजिनाकडे एक फिरती पुली असते, मागच्या चाकाकडे दुसरी, मध्ये पट्टा. पुढच्या पुलीच्या पोटात सुपारीएवढे सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर सरकतात, पुली दाबतात, पट्टा वर चढतो आणि आपोआप वरचा गिअर पडतो. आता रोलर जड असतील तर ते लवकर सरकतात. गाडी सुटते न सुटते तोच वरच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिनाचा जोर यायच्या आधीच मवाळ होते. पेट्रोल वाचतं, आवाज कमी होतो, पण वेळ जातो. रोलर वजनाला कमी असतील तर इंजिन बराच वेळ खालच्या गिअरमध्ये किंचाळत राहतं आणि गाडी सुरुवातीलाच झेप घेते. चारशे मीटरची शर्यत पहिल्या शंभरातच ठरते. माझ्या हिशेबानं रोलर बदलले तर बाबांचा पुरा एक सेकंद वाचत होता.

वाडीतच एक मेकॅनिक होता, त्याच्याकडे शर्यतीचा नाद असलेली पोरं रोलर बदलून घ्यायची. मी एका चिठीवर लिहिलं, "हलके रोलर टाकणे," आणि चिठी बाबांच्या हातात दिली. आज मला वाटतं, इंजिनिअर म्हणून केलेली ही माझी पहिली चूक. गणित बरोबर होतं, भाषा बरोबर होती, फक्त चिठी कुणाच्या हातात देतोय याचा विचार केला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघंच अकोट्याला गेलो. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी शेवटच्या रेघेवर स्टॉपवॉच आणि वही घेऊन उभी राहिले. बाबांनी पलीकडून डावा हात वर केला, खाली टाकला, मी घड्याळ सुरू केलं. आणि वाट बघत राहिले. इंजिनानं किंचाळायला हवं होतं. त्याऐवजी एक समाधानी घुरघुर कानावर आली. बाबा सावकाश मोठे मोठे होत आले आणि माझ्यासमोरून गेले तेव्हा चेहऱ्यावर अगदी तृप्त भाव.

घड्याळात सव्वीस होते.

"काय चालते गं!" बाबा गाडी वळवून येत म्हणाले. "लोण्यासारखी. आवाज म्हणून नाही."

"बाबा, रोलर कुठले टाकले?"

"तेच सांगणार होतो." त्यांनी खिशातून माझी चिठी काढली. "तू हलके लिहिलं होतंस. मला माहितीय, तू माझा खर्च वाचवायला बघतेस. पण तो मेकॅनिकच मला विचारतो, 'साहेब, हलका नाखुं के भारे?' हे काय विचारणं झालं? मी म्हटलं, आमच्याकडे हलकं चालत नाही, भारीच टाक. दोनदा विचारलंन त्यानं. मी दोनदा सांगितलं."

मेकॅनिक वजनाबद्दल विचारत होता आणि बाबा खानदानाबद्दल उत्तर देत होते. मला हसू आलं. मी तोंड उघडलंच होतं. "अहो बाबा, भारी म्हणजे जड," एवढं पाच शब्दांचं वाक्य होतं. मेकॅनिकचं दुकान आठपर्यंत उघडं असायचं. अर्ध्या तासात रोलर बदलून झाले असते.

"किती आले?" बाबांनी विचारलं.

त्या प्रश्नात आणि माझ्या उत्तरात किती वेळ गेला हे मी मोजलेलं नाही. तेवढ्यात मला दुसरी बस दिसली, दुधाच्या बरण्या दिसल्या, आणि पांढऱ्या स्कूटरवरून पादऱ्याच्या रस्त्यानं एकटी चाललेली मी दिसले. ओढणी गाठ मारून बांधलेली, आठला पाच कमी असताना फाटकात शिरणारी.

"चोवीस," मी म्हणाले. आणि वहीत तसं लिहिलंसुद्धा.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाच्या घरात मी वाढले होते. बाबांनी शाळेत एका मुलाला प्रयोगाचं वाचन शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं म्हणून वर्षभर त्याची वही तपासली नव्हती. येईल ते लिहायचं, यायला हवं ते नाही, हे त्यांचं वाक्य मी बोलायला लागले तेव्हापासून ऐकत होते. त्यामुळे मी काय करतेय हे मला पक्कं कळत होतं, त्या बाबतीत मला कुठली सवलत नको. बाबांनी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून आकडा वाचला आणि माझी पाठ थोपटली. "भारीचा परिणाम," ते म्हणाले.

रविवारी सकाळी वाडीतली निम्मी गल्ली अकोट्याला हजर. कुणी लीला म्हणजे बटाट्याचा ओला चिवडा आणला होता, कुणी चटया. काकांनी त्या दिवशी मुद्दाम काही न खाता पोट रिकामं ठेवलं होतं, वजन कमी व्हावं म्हणून, आणि हे ते प्रत्येकाला सांगत होते. आई एका चटईवर विश्वामित्री नदीकडे पाठ करून बसली होती. बाबांना वेळेवर ब्रेक लावता आला नाही तर गाडी थेट नदीत मगरींपुढे जाईल असा तिचा पक्का समज होता, मध्ये अर्ध्या मैलाची शेतं असली तरी. मेकॅनिकही आला होता. हातातलं काळं फडकं हलवून शर्यत सोडायचा मान त्यालाच दिला होता. मी शेवटच्या रेघेवर, घड्याळ घेऊन.

फडकं पडलं. काकांची गाडी पहिल्या गिअरमध्ये अशी उसळली की ते स्वतःच दचकले. बाबा निघाले, म्हणजे निघाले असं म्हणायचं. लांबून मला वाटलं, ते अजून कुणाशी तरी बोलताहेत. पहिल्या शंभर मीटरमध्येच काका खूप पुढे गेले. आणि तेवढ्यात काकांनी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मूठ अर्धवट पिळली. गाडी मध्येच कुठल्याच गिअरमध्ये नाही. इंजिन ओरडतंय, चाकं नुसती घरंगळताहेत, आणि काका खाली मान घालून मुठीवरचे आकडे वाचताहेत.

इकडे बाबांच्या गाडीला एव्हाना वेग सापडला होता. जड रोलरांची गाडी उशिरा जागी होते, पण झाली की थांबत नाही. अंतर कमी होऊ लागलं. चटयांवरची माणसं उभी राहिली. बाबा हँडलवर ओणवे झालेले, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि कधी नव्हे ते रस्त्याकडे पाहत होते. मी "बाबा! बाबा!" म्हणून किंचाळले. हे ढोंग नव्हतं. त्या क्षणी बाबांनी जिंकावं असं मला जितकं वाटलं तितकं माझ्या स्वतःच्या कुठल्या परीक्षेतही वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात काकांना म्हणत होते, नका सापडू देऊ तिसरा, नका सापडू देऊ.

काकांना तिसरा सापडला. बाबा दोन गाड्यांच्या अंतरानं हरले.

बाबा उतरले तेव्हा घामानं डबडबलेले होते, पण हसत होते. काकांनी त्यांना मिठी मारली. मागून मेकॅनिक सायकल मारत आला तो ओरडतच, "साहेब, भारे रोलरथी रेस थोडी जिताय? में बे वार पूछ्युं हतुं!"

जड रोलरांनी शर्यत जिंकता येत नाही, हे बाबांना तिथं, सगळ्या गल्लीसमोर समजलं. भारे म्हणजे काय आणि भारी म्हणजे काय याचा त्यांच्या डोक्यात उजेड पडताना मी पाहिला. त्यांनी आधी मेकॅनिककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पण काल चोवीस आले होते ना?"

"वारा होता," मी म्हणाले. "मागून."

"हां, वारा," बाबा म्हणाले. त्यांनी एकदाही वहीकडे हात नेला नाही. उलट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या मुलीनं हलकेच लिहून दिले होते. हिचं गणित बिनचूक. चूक माझी." काकांनी पुन्हा एकदा शर्यत लावायची तयारी दाखवली, भाषेची चूक ही काही चूक नव्हे म्हणाले. बाबांनी नकारार्थी मान हलवली. शब्द दिलाय म्हणजे दिलाय. आईनं चटई झटकली आणि सगळ्यांना चिवडा वाढला.

सोमवारी बाबा काकांच्या मागे बसले. मी पुढच्याच आठवड्यात पांढऱ्या स्कूटरवरून कारखान्यात गेले. रोलर मी तसेच ठेवले. पेट्रोल कमी लागायचं आणि आवाज येत नसे. रोज सकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही बरोबर निघायचो. काकांची गाडी डावीकडे वळायची, माझी उजवीकडे, आणि वळताना बाबा मागच्या सीटवरून मला ओरडून सांगायचे, "सावकाश जा गं!" काकांचं तोवर इसबगोलापर्यंत आलेलं असायचं. दोन वर्षं हे चाललं. त्या दोन वर्षांत मी चार वेळा तरी खरं सांगायचं ठरवलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीची पाळी आठला होती.

बाबा निवृत्त झाले तेव्हा शाळेत निरोपसमारंभ झाला. बाबांना भाषण करायला उभं केलं तेव्हा त्यांनी रसायनशास्त्र, नीती, विद्यार्थ्यांचं भवितव्य हे सगळं बाजूला ठेवलं आणि शर्यतीची गोष्ट सांगितली. हलका नाखुं के भारे म्हटल्यावर सभागृह हशानं दणाणलं. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. काका पहिल्या रांगेत बसून स्वतःचा तिसरा गिअर हातवारे करून दाखवत होते. शेवटी बाबा म्हणाले, "आदल्या दिवशी चोवीस आले, मी फुशारलो. वारा मागून आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. मुलांनो, आपलं चांगलं वाचन आलं की आधी वारा बघावा." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण हिचं गणित बरोबर होतं." सगळे वळून टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार.

घरी आल्यावर बाबा शाल गुडघ्यावर ठेवून बसले होते. आई स्वयंपाकघरात नारळ फोडत होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाबा, त्या शनिवारी वारा नव्हता."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते शालीच्या घडीवरून हात फिरवत राहिले.

"किती आले होते?"

"सव्वीस."

"आणि तू चोवीस लिहिलंस."

"हो."

मी ओरडा खायच्या तयारीनं बसले होते. त्यांचा आवाज वर्गात कसा चढतो हे मला माहीत होतं. पण तो चढला नाही.

"सव्वीस कळले असते तर मी रात्रीच रोलर बदलून आणले असते," ते म्हणाले. मग शाल बाजूला ठेवत, "तुला गाडी हवी होती?"

"हो."

"मग मागायचीस ना, वेडे. मी दिली असती."

ते खरं होतं. मी मागितली असती तर त्यांनी त्याच संध्याकाळी चाव्या दिल्या असत्या आणि उलट हसत काकांच्या मागे जाऊन बसले असते. हे मला तिथं बसल्या बसल्या लख्ख कळलं आणि मला रडू कोसळलं. आई नारळाची वाटी हातात घेऊन दारात आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. बाबा म्हणाले, "काही नाही, समारंभात फार कौतुक झालं हिचं."

मी उठून चाव्या आणल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या. म्हटलं, उद्यापासून तुम्ही चालवा, मी बसनं जाईन. बाबांनी चाव्या बघितल्या, तळहातावर तोलल्या आणि मला परत दिल्या.

"उद्यापासून मला जायचंय कुठं?" ते म्हणाले.